घंटा वाजली, सगळे बाहेर आले

घंटा वाजायला लागली आणि रहीमभाईंनी मुख्य दाराचं शटर खाडकन खाली ओढून बाहेरून कुलूप घातलं. आत दालनांमध्ये बरीच माणसं होती, त्यांत मीही होते. संग्रहालयात आग लागली आहे असं समजून सगळ्यांनी शिस्तीत बाहेर पडायचं, अशी ती आमची पहिली सराव कवायत. आणि बाहेर पडायचं एकुलतं एक दार आमच्याच पहारेकऱ्यानं बंद करून टाकलं होतं.

मी आतून शटरवर हात आपटले. "रहीमभाई, उघडा! आग लागलीय असं समजायचंय ना?"

"हाव मॅडम, समजलो ना," बाहेरून शांत आवाज आला. "पन पोलीस आल्याबिगर मी कोनालेच सोडनार नाई."

नोकरीला लागल्यापासून त्यांना एकच गोष्ट शिकवलेली होती. घंटा वाजली म्हणजे काहीतरी चोरीला गेलं. दार बंद, झडती, मग पोलीस. घंटा दुसऱ्या कशासाठी वाजली तर काय कराल, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. मला मात्र घाम फुटला. आग खरी असती तर एका इमानदार माणसाच्या इमानदारीनं आम्ही सगळे आत होरपळलो असतो.

शटर उघडेपर्यंत मी मागे वळून पाहिलं. आमचे लिपिक जोशी खुर्चीवर बसून डबा पिशवीत भरत होते, कारण घंटा वाजली म्हणजे आज लवकर सुट्टी, असा त्यांचा समज झाला होता. मूर्तींच्या दालनाची परिचर मीरा तायडे एका दगडी देवीला दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. "मीरा, बाहेर का नाही पडलीस?" विचारलं तर म्हणाली, "मंग हिले कोन नेईल?" ती देवी हलवायला ट्रॅक्टर लागला असता. बघायला आलेल्या माणसांपैकी कुणीही जागचं हललं नव्हतं. एक जोडपं तर घंटेच्या आवाजात फोटो काढत होतं.

मी या संग्रहालयात सहायक अभिरक्षक म्हणून लागले आणि अभिरक्षक म्हणून निवृत्त झाले. अभिरक्षक म्हणजे काय, हे वडनेर भोलजीच्या आमच्या घरी कुणाला कळायचं नाही. "दगडाची राखन," असं माझी आत्या सांगायची, आणि ते फारसं चूक नव्हतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतांत, विहिरींत, पडक्या देवळांत सापडलेल्या मूर्ती, नाणी, ताम्रपट, तलवारी आणि पोथ्या एका जुन्या दगडी कचेरीत ठेवलेल्या होत्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतील.

नोकरीच्या मध्यावर कधीतरी वरून आदेश आला, की प्रत्येक संग्रहालयानं आपला आपत्कालीन आराखडा तयार करावा आणि कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण द्यावं. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष वाटेल? आग लागली की पाणी मारायचं, झालं. पण तसं नसतं. आग विझवणाऱ्या पाण्यानंच निम्म्या पोथ्या मरतात. मग प्रश्न सुरू होतात. माणसं कुठून निघतील? त्यांना कुठे उभं करायचं? कुठली वस्तू आधी उचलायची, कुठली तशीच सोडून द्यायची? इमारत बंद पडली तर वस्तूंची नोंदवही कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुणाच्या घरी? लोकांना कधी सांगायचं की आम्ही पुन्हा उघडलो? आणि एखादा माणूसच उभा राहू शकला नाही, तर त्याचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी कोण करणार? संकट आल्यावरही काम चालू कसं राहील, याची आधीच केलेली बेगमी म्हणजे हा आराखडा.

पोथ्यांचा प्रश्न मला एका पावसाळ्यात कळला. छत गळलं आणि एक कपाट भिजलं. जोशींनी सगळ्या पोथ्या अंगणात उन्हात पसरल्या, पापड वाळवावेत तशा. मी पोचेपर्यंत काही पानं एकमेकांना अशी चिकटली होती की जणू एकच पुठ्ठा. भिजलेला कागद गोठवून ठेवला तर बुरशी थांबते आणि सवडीनं तो वाळवता येतो, हे मी शिकले होते. पण गोठवायचं कुठे? शेवटी चिखलीच्या एका शीतगृहाच्या मालकांना फोन केला.

"म्हंजे मॅडम, आलूच्या बाजूले देवाच्या पोथ्या?"

"हो."

"देवाले चालते काय?"

मी म्हटलं, देवाला बुरशीपेक्षा बटाटे चालतील. ते हसले आणि त्यांनी एक कोपरा मोकळा करून दिला. त्या पोथ्या आजही आहेत. आराखड्यात त्या शीतगृहाचा फोन नंबर मी लाल शाईनं लिहिला, आणि खरं सांगते, तो लिहिताना मला आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

पुढची काही वर्षं मी माणसांच्या मागे लागले. जोशींना शिकवलं: धूर दिसला की वाट पाहायची नाही, आधी घंटा. मीराला शिकवलं: देवी राहू दे, दालनातली माणसं पुढे घाल आणि शेवटी तू नीघ. रहीमभाईंना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. घंटा वाजली की दार बंद नाही, सताड उघडं. "मॅडम, तुमी माझी आदत बदलून राह्यल्या," ते म्हणायचे. पण बदलली त्यांनी. कवायतीत ते शटर वर करून एका बाजूला असे ताठ उभे राहायचे की कुणीही न विचारता बाहेर पडावं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी समोरच्या मोकळ्या मैदानात, झेंड्याच्या खांबाजवळ जमायचं. आणि एक नियम मी सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता: एकदा बाहेर पडल्यावर काहीही विसरलं तरी परत आत यायचं नाही.

हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं की कवायत बघायला शेजारच्या शाळेचे मास्तर यायचे.

मैदानाच्या कडेला पाण्याची उंच टाकी होती. दर हिवाळ्यात तिच्या खाली आग्या माश्यांचं मोहोळ लटकायचं, सुपाएवढं काळं. जाणकारांना विचारलं तर म्हणाले, छेडू नका, उन्हाळा लागला की आपोआप जातात. आणि त्या जायच्याही. माझ्या आराखड्यात आग होती, पाणी होतं, चोरी, भूकंप, चेंगराचेंगरी होती. माश्या नव्हत्या.

शाळांच्या सहलींचे दिवस होते. हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातून सातवीची मुलं आली होती. सोबत काळे नावाचे शिक्षक. पोरं मूर्तींपेक्षा तलवारींपुढे जास्त रेंगाळत होती. मीरा त्यांना समजावून सांगत होती, "हे तलवार एका हातानं उचलत नाई कोनी, पाहा." मी माझ्या खोलीत होते. जोशी मागच्या खिडकीपाशी फाइल शोधत होते. त्यांना मागच्या भिंतीजवळून धूर येताना दिसला, दाट पांढरा. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. घंटा दाबली.

मी बाहेर आले तेव्हा मीरानं मुलांची रांग लावलीही होती. कुणी रडत नव्हतं, कुणी धावत नव्हतं. रहीमभाई शटर वर करून उभे होते आणि प्रत्येक पोराच्या पाठीवर हात ठेवून पुढे सरकवत होते. मी पायरीवर उभी राहून पाहत होते. आग कुठे आहे हे मला अजून माहीत नव्हतं, तरी माझ्या मनात आलं, वा! शिकवलेलं असं उपयोगी पडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. सगळी मुलं मैदानात, झेंड्याच्या खांबाजवळ. काळे सर हजेरी घ्यायला लागले.

तेवढ्यात एक आवाज आला. घंटा चालूच होती, तिच्या खालून. दूर कुठेतरी मोटार घरघरावी तसा. मी धुराकडे पाहिलं. तो आता भिंतीवरून वळून टाकीकडे गेला होता. टाकीखालचं ते काळं सूप वितळल्यासारखं खाली ओघळलं आणि हवेत पसरलं. काय होतंय हे कळायच्या आतच पहिली किंकाळी आली.

तो देखावा मी इतक्या वेळा आठवला आहे, पण तो नीट सांगता येत नाही. पोरं स्वतःच्याच तोंडावर चापट्या मारत होती. एक मुलगा दप्तर डोक्यावर घेऊन गोल गोल धावत होता. काळे सर दोन पोरांना शर्टात गुंडाळायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचं स्वतःचं टक्कल माश्यांनी काळं झालं होतं.

"आत चला!" मी ओरडले. "सगळे आत चला!"

कुणी हललं नाही. घंटा वाजत होती. घंटा म्हणत होती बाहेर, आणि मी म्हणत होते आत. मीरा माझ्याकडे बघून ओरडली, "मॅडम, अंदर आग हाये!"

ती बरोबर बोलत होती. आत आग होती की नव्हती, मला माहीत नव्हतं. जोशींना धूर दिसला एवढंच मला कळलं होतं. माश्या दिसत होत्या, आग दिसत नव्हती, आणि मी ज्या इमारतीत पोरांना घाल म्हणत होते ती कदाचित मागून पेटलेली होती. असा निर्णय कुठल्याही आराखड्यात लिहिलेला नसतो. मला तेव्हा माझी ऑफिसची भाषाही सुचली नाही. वडनेरच्या आत्यासारखी मी ओरडले, "आग गेली खड्ड्यात! अंदर चला बे पोट्टेहो, पळा!"

रहीमभाईंनी पहिलं पोर काखेत मारलं आणि आत फेकल्यासारखं ठेवलं. मग सगळी धावली. आम्ही त्यांना लोटत, ओढत, पायऱ्यांवरून चढवत आत घेतलं. मी दिवे बंद केले, कारण माश्या उजेडाकडे जातात हे कधीतरी ऐकलं होतं. खरंच, आत आलेल्या माश्या वरच्या काचेच्या झरोक्याकडे गेल्या. अंधारात पोरं रडत होती. काही जणांच्या केसांत अजून माश्या गुणगुणत होत्या.

"जोशी, आग कुठे आहे?"

जोशींनी घंटा बंद केली आणि ते सगळ्या दालनांतून भिंती हुंगत धावले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, आग नाहीच. कुठेच नाही. भिंतीपलीकडे रस्त्यावर कुणीतरी कचरा पेटवलाय."

मग काळे सरांनी मुलं मोजली आणि म्हणाले, "साक्षी नाहीये."

दाराच्या फटीतून दिसलं. झेंड्याच्या खांबापाशी एक मुलगी पडली होती आणि तिच्यावर आडवी मीरा. मीरानं आपला पदर सोडून तिच्याभोवती गुंडाळला होता आणि स्वतःची पाठ माश्यांना दिली होती. ती हलत नव्हती.

रहीमभाई व्याख्यानाच्या खोलीतली मोठी सतरंजी खेचत आले.

"थांबा," मी म्हटलं. "रहीमभाई, थांबा. अग्निशामकवाल्यांना फोन केलाय, ते येतील."

"हाव," ते म्हणाले, आणि गेले.

त्यांनी सतरंजी दोघींवर टाकली, स्वतः तिच्यात अर्धे शिरले आणि तो गठ्ठा ओढत पायऱ्यांपर्यंत आणला. आम्ही तिथून आत घेतला. रहीमभाईंनी शटर खाली ओढलं आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

साक्षीला फार माश्या चावल्या नव्हत्या. मीराचा चेहरा मात्र ओळखू येत नव्हता. डोळे बुजले होते, ओठ उलटे झाले होते. आम्ही सगळे तिच्याभोवती होतो. कुणी तिच्या मानेतले काटे काढत होतं, कुणी ओला रुमाल धरत होतं, कुणी एकशे आठला पुन्हा फोन करत होतं. मी एकदा वळून रहीमभाईंना विचारलं, "तुम्हाला चावल्या का?"

"चार-दोन. काई नाई मॅडम. आंग खाजवून राह्यलं जरा." त्यांनी हात हलवला. "तिच्याकडे पाहा तुमी."

मी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. रुग्णवाहिका आली, स्ट्रेचर आत आलं, आणि मीराला त्यावर घेताना जोशी म्हणाले, "रहीमभाई, जरा शटर..." आणि पुढचं बोललेच नाहीत. रहीमभाई स्टुलावरून भिंतीला टेकून घसरले होते. त्यांचे ओठ निळे पडले होते. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले.

डॉक्टर म्हणाले, डंख खरोखरच थोडे होते. काही माणसांच्या शरीराला ते विष मुळीच सोसत नाही, आणि ते आधी कळायचा काही मार्ग नसतो. मीराला शेकड्यांनी चावल्या होत्या आणि ती वाचली. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण ते बोलत होते माझ्याशी. बोलत होते ना?" डॉक्टर म्हणाले, "बोलतात."

मग काम सुरू झालं. तेच काम, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं माणसांच्या मागे लागले होते. संग्रहालय बंद ठेवलं, दारावर सूचना लावली. माश्या निघून गेल्यावर इमारत तपासली. वरून फोन आला की कधी उघडणार. आराखड्यात मुख्य दाराच्या पहाऱ्यापुढे रहीमभाईंचं नाव होतं आणि त्यांच्या नावापुढे पर्यायी माणसाचं. मीच लिहिलं होतं. तो माणूस सांगितलेल्या सकाळी, सांगितलेल्या वेळी आला, गणवेश घालून उभा राहिला आणि त्यानं शटर उघडलं. कुठेही काही अडलं नाही. मला धक्का बसला तो याचा. मला वाटलं होतं, काहीतरी अडेल. किल्ली सापडणार नाही, शटर गंजेल, काहीतरी. दुसऱ्या एका संग्रहालयातून पत्र आलं की तुमचा आराखडा इतका चोख कसा, एक प्रत पाठवा. मी प्रत पाठवली. माश्यांचं पान जोडलं होतं. जमण्याच्या जागा दोन केल्या होत्या, आणि घंटेनंतर आधी आभाळाकडे, झाडांकडे पाहायचं, असं त्यात लिहिलं होतं. आणि सगळ्यात मोठी जखम झालेल्या माणसाभोवती गर्दी करू नका, गप्प बसलेल्याकडे पाहा, हेही.

जोशींनी बदली मागितली होती. मी त्यांना किती वेळा सांगितलं की तुम्हाला शिकवलं तसंच तुम्ही केलंत. "तेच तर," ते म्हणायचे. दर आठवड्याला लोक यायच्या आधी घंटा एकदा वाजवून तपासायची, ते काम त्यांचं होतं. उघडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी ते बटणापाशी उभे राहिले आणि त्यांचा हात वर जाईना.

नेमकी त्याच सकाळी रहीमभाईंची मुलगी शबाना त्यांच्या वस्तू न्यायला आली होती. चिखलीत नर्सिंगला होती ती. चष्मा, स्वेटर, जेवणाचा डबा असं तिनं पिशवीत भरलं. मग ती जोशींकडे बघत राहिली.

"काय झालं काका?"

मीच सांगितलं.

"दाबा," ती म्हणाली. "मले आयकाची हाये. अब्बाले शेवटी काय आयकू आलं, ते मले आयकू द्या."

जोशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं. दगडी इमारतीत तो आवाज फार मोठा वाटतो. शबानानं कान झाकले नाहीत. घंटा थांबेपर्यंत ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. मग माझ्याकडे वळली.

"मॅडम, एक विचारू? मोहल्ल्यात लोक म्हनून राह्यले का मॅडमनं पाठवलं त्याइले बाहीर."

इतक्या दिवसांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं, की लोक असं म्हणत असतील. मी म्हटलं, "नाही गं. मी थांबा म्हणाले होते."

"आयकू आलं होतं त्याइले?"

"आलं होतं. 'हाव' म्हणाले, आणि गेले."

तिनं पिशवी खांद्याला लावली.

"तुमी पाठवलं असतं तं मले तुमचा राग आला असता," ती म्हणाली. "तेच सोचून आली होती मी. आता कोनाचा करू?"

ती पायऱ्या उतरून गेली. जोशींनी दालनांचे दिवे लावले, आणि बाहेर थांबलेली माणसं तिकीट काढून आत यायला लागली.